सोडावॉटर आणि खेकडा

शनिवारी रात्री आठ वाजता कुंपणावरून हाक आली, "ताई, सोडावॉटर आहे का हो तुमच्याकडे? साधं हवं. लिंबूबिंबू नको."

आता शेजारच्या वहिनी म्हणजे सदाशिव पेठेत वाढलेल्या. घरात कांदा-लसूण चालतो, पण चातुर्मासात तोही नाही. भाऊजी ताकाच्या पुढे कधी गेले नाहीत. त्या घरातून शनिवारी रात्री सोडावॉटरची मागणी! माझ्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. आमचे हे तर "मी नेऊन देतो" म्हणत सोफ्यावरून उठलेसुद्धा.

"पाहुणे आलेत का वहिनी?" मी आपलं सहज विचारलं.

"आलेत ना. दोन महिने झाले, जायचं नाव नाही. आता सोडा घालूनच बाहेर काढायचेत."

हे पाहुणे म्हणजे खेकडे.

मुळापासून सांगते. आम्ही दोघी राहतो फ्लोरिडात, टॅम्पाला. मधलं कुंपण लाकडी आहे. त्याची एक फळी मागच्या वादळात उडाली, ती दोघींनीही आजतागायत बसवून घेतलेली नाही. मी मालवणची, त्या पुण्याच्या. त्या फटीतून माझ्याकडचं तिरफळ तिकडे जातं आणि त्यांच्याकडची बातमी इकडे येते. भाऊजींची लेक गेल्या वर्षी कॉलेजला गेली आणि घर सुनं झालं. अशा वेळी कुणी कुत्रं पाळतं. भाऊजींनी समुद्र पाळला. पंचाहत्तर गॅलनचा, म्हणजे जवळजवळ २८५ लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक हॉलमध्ये आला, देवघराच्या बरोब्बर समोर. आणि त्यात घालायला त्यांनी दगड विकत आणले. दगड! पौंडावर तोलून!

"अहो, मालवणला या, गोणभर फुकट देते," असं मी म्हणून गेले. मग वहिनींनी मला समजावलं. हे साधे दगड नव्हेत, हे जिवंत दगड. नैसर्गिक दगड समुद्रातून काढायला फ्लोरिडात नव्वदच्या दशकात पूर्ण बंदी आली. तेव्हापासून इथले लोक मेक्सिकोच्या आखातात सरकारकडून समुद्रतळाचा तुकडा भाड्यानं घेतात, होडीतून चुनखडीचे दगड तिथे नेऊन सोडतात आणि एकदोन वर्षं वाट बघतात. दगडावर स्पंज चढतो, शिंपले चिकटतात, रंगीत शेवाळ धरतं, इवलंसं प्रवाळही उगवतं. मग पाणबुडे जाऊन पीक काढून आणतात. शेतीच म्हणा ना. भाऊजींचा दगड तर पाण्यातून पाण्यातच घरी आला, वाटेत वाळू दिलेला नाही. म्हणजे ज्यांनी ज्यांनी त्या दगडाच्या भोकांत संसार थाटले होते ते सगळे दाराशी हजर, भाडं नाही की करार नाही.

पहिल्या रात्री टँकमधून टक्‌... टक्‌... असा आवाज. वहिनींना वाटलं काच तडकतेय. निघाली ती पिस्तूल कोळंबी, बोटाएवढी नाही आणि आवाज फटाक्याचा. ती निरुपद्रवी ठरली, म्हणून तिचं प्रकरण मिटलं. खेकड्यांचं मिटेना.

काच चाटून साफ ठेवायला भाऊजींनी वीस गोगलगायी आणल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या तेरा उरल्या. रोज सकाळी वाळूत एखादा रिकामा शंख. भाऊजी टॉर्च घेऊन बसले तर दगडाच्या भोकातून केसाळ पाय दिसला आणि लगेच आत गेला. ज्या दुकानातून मासे घेतले होते तिथल्या पोराला विचारलं, तर त्यानं फोटोसुद्धा न बघता निकाल दिला: केसाळ असेल तर वाईट, गुळगुळीत असेल तर चांगला. झालं. भाऊजींच्या हातात चिमटा आला आणि घरात शोधसत्र सुरू झालं.

"ताई, तुम्ही खेकडेवाल्या ना," एक दिवस वहिनी फळीच्या फटीतून म्हणाल्या, "जरा येऊन ओळख पटवा बरं."

खरं सांगू का, मला खेकडे कळतात ते टोपलीतले. पोट दाबून भरलेली कुर्ली कुठली आणि पोकळ कुठली ते सांगेन. पोटावरची घडी रुंद असली की मादी, चिंचोळी असली की नर, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. काळोख्या रात्रींची कुर्ली भरलेली, चांदण्यातली रिकामी, हे आईनं शिकवलेलं. पण इथे सगळे आरोपी नखाएवढे! मी फोनवरून आईला व्हिडिओत दाखवलं तर ती म्हणाली, "काय गो ही कुर्ली? हिच्यात मास तरी गावतला काय?" आणि फोन बाबांकडे दिला.

तरी एक गोष्ट टोपलीतल्याला लागू ती टँकमधल्यालाही लागू: खेकड्याची नांगी बघितली की त्याचा धंदा कळतो. केसांवरून काय कळायचंय? केस आमच्या ह्यांच्या हातावरही आहेत, आणि हे मुंगी मारत नाहीत.

मग आम्ही रीतसर बसलो. टँकचे दिवे मालवले, टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला. लाल उजेड खेकड्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते आपापल्या उद्योगाला बाहेर पडतात. भाऊजी वही घेऊन, वहिनी चहा घेऊन, मी भिंग घेऊन. असा मजेचा शनिवार मला सिनेमा बघूनही मिळाला नसता.

पहिला बाहेर आला तो हिरवट, पाठ जराशी चमकदार, पायांवर भरपूर केस. भाऊजींचा चिमटा लगेच वर. "थांबा हो भाऊजी!" मी म्हटलं, "बोटं बघा त्याची." नांगीची दोन्ही टोकं चमच्यासारखी खोलगट होती. आता चमच्यानं कुणी खून करतं का? तो दगडावरचं शेवाळ खरवडून तोंडात घालत होता, डाव्या हातानं, उजव्या हातानं, पंगतीला उशिरा आलेल्या माणसासारखा. हा पाचू खेकडा, इथले लोक एमराल्ड म्हणतात. टँकमध्ये हिरव्या मण्यांसारखं फुगे फुगे शेवाळ माजतं ना, ते खातो म्हणून लोक याला पैसे देऊन आणतात. भाऊजींना फुकट आला होता आणि दुकानातल्या पोराच्या न्यायानं फासावर जाणार होता. अगदी साधू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मोठा झाला, शेवाळ संपलं आणि भूक लागली की हा दुसऱ्याच्या ताटातही हात घालतो, असं भाऊजींनीच पुढे वाचून सांगितलं. पण उपाशी ठेवल्यावर कोण घालत नाही?

दुसरा बघून वहिनींना हसू आवरेना. चपटा, भाकरी थापल्यासारखा, मिशा लांबच लांब, आणि तोंडासमोर दोन केसांचे पंखे घेऊन सारखा पाणी ढवळत बसलेला. एकदा हा पंखा मिटून तोंडात, एकदा तो. "हा आमच्या काकांसारखा दिसतोय, उन्हाळ्यात ओट्यावर बसलेला," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, याचे चालायचे पाय मोजा. तीनच जोड्या दिसल्या. खऱ्या खेकड्याला नांग्या सोडून चार जोड्या असतात. याची चौथी इवलीशी, मागे घडी घालून ठेवलेली. हा पोर्सलिन खेकडा, नावात खेकडा पण खेकड्यांचा चुलतभाऊ. पाण्यातला बारीक कण गाळून खातो, कुणाच्या वाटेला जात नाही, आणि पकडायला गेलात तर नांगी तुमच्या हातात ठेवून पळतो. चिनीमातीसारखी पटकन तुटते म्हणून हे नाव. त्याला भाऊजींनी वहीत "निर्दोष" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तिसरा बाहेर आलाच नाही. दगडाच्या भोकातून फक्त नांग्यांची टोकं दिसली. काळी, शाईत बुडवल्यासारखी.

मंडळी, काळ्या टोकाच्या जाडजूड नांग्या दिसल्या की सावध व्हायचं, एवढं खरं. इथले नादिष्ट लोक अशा सगळ्या तपकिरी, केसाळ, काळ्या बोटांच्या खेकड्यांना सरसकट गोरिला खेकडा म्हणतात. ते एका जातीचं नाव नव्हे, शिवी आहे. त्यातले बरेचसे मांसाहारी, रात्री हिंडणारे, शंख फोडणारे. पण त्याच खानदानात नुसतं शेवाळ खाणारेही आहेत. आणि अतिविषारीही आहेत बरं का! आमच्या ह्यांनी हळूच विचारलं होतं, "तळून?" म्हणून सांगते. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या प्रवाळांत झोसिमस नावाचा एक देखणा, ठिपक्याठिपक्यांचा खेकडा असतो, त्याच्या अंगात पफर माशात असतं तसलं विष असतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तेव्हा खेकडा म्हटलं की जीभ बाहेर काढायची नाही.

तर तिसऱ्याचा पुरावा हवा. भाऊजींनी वाळूतले शंख गोळा करून ठेवले होते, वर्तमानपत्रावर ओळीनं, पंचनाम्यासारखे. काही शंख अगदी शाबूत होते. त्या गोगलगायी आपल्या आपण मेल्या असतील, किंवा टँकमधल्या शंखवाल्या खेकड्यांनी आटोपल्या असतील. पण पाच शंखांच्या ओठाला टवके उडालेले, अडकित्त्यानं कातरल्यासारखे. ते काम चमच्याचं नव्हे आणि पंख्याचंही नव्हे.

आणि मग एका सकाळी वहिनी कुंपणाशी धावत आल्या. "मेला! मेला हो ताई!" टँकमध्ये अख्खा खेकडा उताणा पडला होता. पेढे वाटायचेच बाकी होते. मी जाऊन बघितलं तर आत काही नाही, नुसतं टरफल. कात टाकली होती त्यानं. आरोपी कपडे दाराशी टाकून आत जाऊन बसला होता, पहिल्यापेक्षा मोठा होऊन. अंग कडक होईपर्यंत तो आता दिसणार नव्हता. वहिनी फारच हिरमुसल्या. पण मला विचाराल तर खेकडा ओळखायचा तर यासारखी सोय नाही. जिवंत खेकडा दोन सेकंद दिसतो, कात तासभर भिंगाखाली धरता येते. आम्ही ती टिपकागदावर वाळवली. पाठ गुळगुळीत, केस फक्त पायांना. एक नांगी दुसरीपेक्षा थोराड आणि तिच्या आतल्या कडेला दाढेसारखे उंचवटे. म्हणजे फोडणारी नांगी. दोन्हींची टोकं काळी. चार दिवसांनी लाल उजेडात मालक स्वतः दिसला: गडद जांभळा, आणि नांगीच्या मनगटावर पांढरा ठिपका, टिकली लावल्यासारखा.

तो ठिपका दिसला आणि आमचे हे ओरडले, "स्टोन क्रॅब!"

फ्लोरिडातल्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागत नाही, फक्त लहानपणीचा फोटो कुणी पाहिलेला नसतो. याच्याच नांग्या इथे १५ ऑक्टोबर ते १ मे या हंगामात हॉटेलांतून मोहरीच्या सॉसबरोबर येतात आणि बिल बघून घाम फुटतो. अख्खा खेकडा कुणी घरी न्यायचा नाही, असा कायदाच आहे. मापात बसली तर नांगी काढायची आणि खेकडा पाण्यात परत. नवी नांगी हळूहळू येते. अंडी पोटाशी असलेल्या मादीला हात लावायचा नाही. मालवणच्या बाईला हा कायदा आधी विचित्र वाटला, मग पटला. असो. मोठेपणी पंजाएवढा होणारा, शिंपले अक्रोडासारखे फोडणारा हा प्राणी वहिनींच्या हॉलमध्ये, देवघरासमोर, नखाएवढा होऊन बसला होता. इतर कुणाचीही बाजू मी घेतली असती, याची नाही. हा जायलाच हवा.

पकडायचा कसा, तर त्याचाही इतिहास आहे. आधी काचेचा उभा पेला दगडाला टेकवून तिरपा ठेवला, तळाशी कोळंबीचा तुकडा. (कोळंबी माझ्या फ्रीझरमधली. वहिनींनी ती रुमालात गुंडाळून नेली, शेजारच्या रस्त्यावर दुसरे पुणेकर राहतात म्हणून.) खेकडा वासानं आत उतरतो आणि काच गुळगुळीत असल्यानं वर चढू शकत नाही. पहिल्या रात्री पेल्यात पाठीवर शंख वागवणारे चार खेकडे आणि साधूसारखा बसलेला आमचा पाचू, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, आता सरावलेले. जांभळ्या काही येईना. म्हणून शेवटी सोडावॉटर. तो दगडच उचलून खाऱ्या पाण्याच्या बादलीत घेतला आणि भोकात औषधाच्या सिरिंजनं सोडा मारला. सोड्यातला वायू खेकड्याला सोसत नाही, तो जीव घेऊन बाहेर पळतो. हे बादलीतच करायचं, टँकमध्ये नाही. नाहीतर खेकड्याबरोबर मासेही जायचे. मिनिटाभरात स्वारी बादलीत. वहिनींनी चाळणी धरली, भाऊजींनी डोळे मिटले.

एवढं सगळं झाल्यावर भाऊजींना आनंद व्हायला हवा होता, पण ते गप्पच. मला वहिनींनी दुसऱ्या दिवशी कुंपणाशी कारण सांगितलं, आवाज खाली करून. महिन्यापूर्वी त्यांनी प्रशांत महासागराकडचं एक गुलाबी प्रवाळ आणलं होतं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. औषधाच्या पाण्यात बुडवून काढताना त्यातून एक छोटा, गोंडस, लाल ठिपक्यांचा खेकडा खाली पडला. तेव्हा ते सगळ्या खेकड्यांवर चिडलेले. तो सिंकमध्ये गेला. आता रात्ररात्र वाचताना कळलं की तो त्या प्रवाळाचा राखणदार होता. ट्रॅपेझिया नाव. तो प्रवाळातच जन्म काढतो, त्याच्या फांद्यांवर बसलेला गाळ झाडतो, प्रवाळ खायला काटेरी तारामासा आला तर त्याला नांग्यांनी टोचून हाकलतो. ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर संशोधकांनी काही प्रवाळांतून असले खेकडे काढून बघितले. एका महिन्याच्या आत त्यातली ४५ ते ८० टक्के प्रवाळं मेली. ज्यांच्यात खेकडे ठेवले होते ती सगळी जगली. भाऊजींचं फ्लॉवर आता मध्यभागी पांढरं पडतंय. त्यामुळेच पडतंय असं मी म्हणत नाही, खारं पाणी शंभर कारणांनी बिघडतं. पण त्यांच्या मनाला ते लागलंय. आणि बघा, तो गुळगुळीत होता! दुकानातल्या पोराच्या नियमानं तरी वाचायला हवा होता.

त्याहून एक मजा सांगते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर सायमो नावाचा एक खेकडा आहे, केसाळ, काळ्या बोटांचा, म्हणजे चेहऱ्यानंच गुन्हेगार. प्रवाळाला पांढरा रोग लागतो तिथे हा हमखास बसलेला सापडे, रोगट भाग कुरतडताना. सगळ्यांनी धरून चालावं की हाच करतो. अभ्यासकांनी त्याला काढून पाहिलं तर रोग आणखी भराभर पसरला. मढ्याशेजारी बसलेला तो वैद्य निघाला! हे ऐकल्यापासून मी आमच्या कोपऱ्यावरच्या त्या बाईंबद्दलसुद्धा जपून बोलते. कुठल्या बाई ते नंतर सांगते.

हां, तर जांभळ्याचं काय करायचं. "समुद्र वीस मैलांवर आहे, सोडून येऊ," वहिनी म्हणाल्या. मी ठाम नाही म्हटलं. खेकडा इथलाच, हे खरं. पण टँकमध्ये जगभरच्या पाण्यातले प्राणी एकत्र राहिलेले, त्यांच्याबरोबर कुठला रोग जाईल सांगता येत नाही. आणि फ्लोरिडा या बाबतीत पोळलेलं आहे. १९८५ साली डानिया बीचजवळ पहिला लायनफिश दिसला, प्रशांताकडचा मासा, कुणाच्या तरी टँकमधून सुटलेला असावा असाच सगळ्यांचा कयास. आज कॅरिबियनभर त्यानं लहान मासे फस्त केलेत.

मुंबईला माझा भाचा आहे, त्यालाही हे वेड लागू पाहतंय. त्याला मी स्पष्ट सांगितलंय, बाबा, रंगीत मासे ठेव, पण खरं प्रवाळ नको. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच आहे ते, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावरून होडीनं जायचो आणि खाली काय आहे ते कुणाला ठाऊक नसायचं. बघायचं तर तिथे जाऊन पाण्यात डोकं घालून बघ.

शेवटी जांभळ्याला संपात टाकला. सरकारी कर्मचाऱ्यांचा नव्हे. टँकच्या खालच्या कपाटात पाणी गाळायची दुसरी टाकी असते, तिलाही आपल्या इमारतीतल्यासारखं संपच म्हणतात. तिथे त्याला एक दगड, एक फुटका मग आणि दिवसाआड कोळंबीचा तुकडा मिळतो. तुकडा वहिनी स्वतः घालतात, चिमट्यानं, तोंड फिरवून. वर टँकमध्ये उरलेल्या गोगलगायींतली सहा आठवड्यांत एकही कमी झालेली नाही.

जांभळ्यानं गेल्या गुरुवारी पुन्हा कात टाकली. आता तो रुपयापेक्षा मोठा आहे. माझी सोडावॉटरची बाटली मात्र अजून परत आलेली नाही, आणि आमचे हे रोज कुंपणाकडे बघतात.